डाग गहाण ठेवण्यापूर्वी परवाना पाहा
(शाहूवाडी तालुक्यातील बौद्ध कुटुंबांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणांशी धर्माच्या गहन तत्त्वांविषयी बोलणार नाही. आपल्या घरातील पत्र्याच्या पेटीत, जुन्या लुगड्याच्या घडीत जी बोरमाळ किंवा जे चार मणी ठेवलेले असतात, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे. आपल्यांतील कितीतरी कुटुंबांत तेवढीच काय ती मालमत्ता. ती आईकडून लेकीकडे आली, सुनेच्या अंगावर चढली, आणि प्रत्येक अडचणीला प्रथम तिलाच घराबाहेर जावे लागले. पेरणी आली, डाग गेला. पोराची फी आली, डाग गेला. घरचे माणूस दवाखान्यात पडले, डाग गेला. किती डाग परत आले, याचा हिशेब आपण आपल्याच घरी मांडावा. तो मला सांगण्याची गरज नाही.

भगवान बुद्धांनी गृहस्थाला ऋणमुक्तीचे महत्त्व सांगितले आहे. अनाथपिंडिकाला उपदेश करताना त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. जवळ संपत्ती असणे, तिचा योग्य उपभोग घेणे, कोणाचे ऋण नसणे आणि आचरण निर्दोष असणे, ही ती चार सुखे होत. अंगुत्तर निकायात हा उपदेश आहे. संघात उपसंपदा घेऊ इच्छिणाऱ्याला जे प्रश्न विचारले जातात, त्यांत ‘तू ऋणमुक्त आहेस ना?’ हाही एक प्रश्न असतो. ज्याच्या देहावर दुसऱ्याचे देणे आहे, तो पुरता स्वतःचा मालक नसतो, हे त्या काळीही ओळखले गेले होते. आपण धम्म स्वीकारला तो माणूस म्हणून ताठ उभे राहण्यासाठी. सावकाराच्या ओट्याखाली हात जोडून उभे राहणारा माणूस विहारात कितीही मोठ्याने त्रिसरण म्हणो, त्याची मान ताठ होणे कठीण आहे.

परंतु केवळ ‘कर्ज काढू नका’ असे सांगून मी बसलो, तर तो कोरडा उपदेश होईल. आंबा, गजापूर, विशाळगड ह्या बाजूच्या डोंगरी वाड्यांत पावसाळ्याचे चार महिने हाताला काम कमी आणि पोटाला खर्च तितकाच. घरातील कर्ता पुरुष मुंबईला, त्याचे पैसे येतील तेव्हा येतील. अशा वेळी मलकापूर किंवा बांबवड्याच्या बाजारात जाऊन डाग ठेवण्यावाचून दुसरा मार्ग दिसत नाही. म्हणून माझे सांगणे इतकेच आहे: डाग त्याच्या हातात देण्यापूर्वी आपण त्याला एक प्रश्न विचारावा. ‘शेठ, आपला सावकारीचा परवाना दाखवा.’

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांस फुकट मिळालेला नाही. सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि तो वणवा पुणे व अहमदनगर ह्या जिल्ह्यांत पसरला. त्या लोकांना सावकाराचा जीव नको होता, कर्जरोखे हवे होते. ज्या कागदांवर न वाचता अंगठे उठविले, ते कागद त्यांनी जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. म्हणजे सावकाराचा कागद सरकारने तपासला पाहिजे ही गोष्ट राज्यकर्त्यांना पटण्यासाठी आधी होळी पेटावी लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या कायदेमंडळात असताना १९३८ साली त्यांनी सावकारीवर नियंत्रण घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा तयार केला होता. खोती आणि महार वतन यांच्याइतकाच सावकारीचा प्रश्नही त्यांना गुलामगिरीचा प्रश्न वाटत होता. पुढे मुंबई सावकारी कायदा, १९४६ हा आला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि आपला हा भाग मुंबईच्या कायद्यांखाली आला. तो कायदा पुष्कळ वर्षे चालला. आता त्याच्या जागी महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा, २०१४ हा अंमलात आहे. आज मी जे सांगणार आहे ते ह्या नव्या कायद्यावरून.

हा परवाना म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्या. व्याजाने पैसे देण्याचा धंदा ज्याला करावयाचा आहे, मग तो डाग ठेवून घेवो, जमीन लिहून घेवो किंवा नुसत्या हातउसन्या चिठ्ठीवर देवो, त्याला परवाना घेतल्यावाचून तो धंदा करता येत नाही. त्याने आपल्या तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे अर्ज करावयाचा. हे अधिकारी सहकार खात्याचे असतात. ते चौकशी करून अर्ज जिल्ह्याला पाठवितात, आणि परवाना देणे वा नाकारणे हे जिल्हा निबंधकाच्या हाती असते. आपल्या जिल्ह्यात हे काम कोल्हापूर येथील जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, हे पाहतात. दिलेल्या परवान्यांची नोंद सरकारी दप्तरी राहते. म्हणून अमुक माणसाजवळ परवाना आहे की नाही, ही गोष्ट गुपित नाही. ती विचारता येते, आणि विचारलीच पाहिजे.

परवाना पाहताना दोन गोष्टींवर बोट ठेवा. पहिली गोष्ट मुदत. परवाना एकदा घेतला की जन्मभर पुरतो असे नाही. तो मुदतीचा असतो आणि त्याचे नूतनीकरण करावे लागते. भिंतीवर काचेत लावलेला जुना कागद हा परवाना नव्हे. दुसरी गोष्ट क्षेत्र. परवाना ज्या क्षेत्रापुरता दिला असेल त्या क्षेत्रातच धंदा करता येतो. ही बाब क्षुल्लक समजू नका. २०१५ साली विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडील कर्जे माफ करण्याचा निर्णय सरकारने घेतला. तेव्हा परवान्याच्या क्षेत्राबाहेर दिलेल्या कर्जांचा प्रश्न उभा राहिला आणि अनेक शेतकरी त्या लाभापासून दूर राहिले. त्यांच्यासाठी पुढे निराळा निर्णय घ्यावा लागला. सावकार कोणत्या गावचा आणि परवाना कोणत्या तालुक्याचा, इतके पाहिले नाही म्हणून काय घडते, त्याचे हे उदाहरण आहे.

आता आपण विचाराल, ‘त्याच्याजवळ परवाना नसला तर आमचे काय बिघडले? पैसे तर तो देतोच आहे.’ बंधूंनो, परवाना नसणारा माणूस पैसे देताना गोड असतो, कारण तो हिशेब देण्यास कोणालाही बांधलेला नसतो. डागाचे वजन किती लिहिले, व्याज कोठवर चढले, डाग वितळवला की विकला, हे विचारावयास त्याच्याकडे वहीच नसते. परवाना म्हणजे सरकारने सावकाराच्या वहीला लावलेली दोरी आहे. तिचे दुसरे टोक आपल्या हातात आहे. दोरीच नसेल तर ओढणार काय?

तरीही विनापरवाना सावकाराकडे ज्यांचा डाग आधीच पडला आहे, त्यांनी निराश होऊ नये. असा माणूस कर्जवसुलीसाठी न्यायालयात गेला तर, कर्ज देताना त्याच्याजवळ वैध परवाना नसेल तर, न्यायालय त्याच्या बाजूने हुकूमनामा देत नाही. निबंधकाच्या अधिकाऱ्यांना त्याच्या जागेची तपासणी करण्याचा, वह्या व कागद मागण्याचा आणि ते जप्त करण्याचा अधिकार आहे. त्या तपासणीत विनापरवाना धंद्यात तारण म्हणून घेतलेली वस्तू सापडली, तर ती मूळ मालकाला परत देण्याचा हुकूम काढता येतो. आणि परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. त्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

येथे एक खुलासा करतो. घेतलेले मुद्दल बुडवा, असा उपदेश मी करीत नाही. जे दिलेले नाही ते घेऊ नये, हे आपले दुसरे शील आहे, आणि ते ऋणकोलाही लागू आहे. पण जे आपण घेतलेच नाही ते फेडण्याचे बंधन कोणत्याही शीलाने आपल्यावर घातलेले नाही.

आता व्याजाचा हिशेब करू. आपल्याकडे व्याज महिन्याच्या शेकड्याने बोलले जाते. ‘शेकडा पाच’ हे शब्द कानाला हलके वाटतात. त्याचे वर्ष करा. १०,००० रुपयांवर महिन्याला ५०० रुपये, वर्षाला ६,००० रुपये. म्हणजे दर साल शेकडा ६०. सरकारने सप्टेंबर २०१४ मध्ये ठरविलेले दर असे आहेत: शेतकऱ्याला तारणावर दिलेल्या कर्जास दर साल शेकडा ९, विनातारण कर्जास शेकडा १२; शेतकरी नसलेल्याला तारणावर शेकडा १५ आणि विनातारण शेकडा १८. तेव्हा डाग ठेवून १०,००० रुपये घेणाऱ्या शेतकऱ्याचे वर्षाचे व्याज ९०० रुपये, महिन्याचे ७५ रुपये होते. शेतकरी नसेल तर वर्षाचे १,५०० आणि महिन्याचे १२५. कोठे ७५ आणि कोठे ५००! हा फरक आपल्या मुलांच्या ताटातून जातो.

आणखी एक नियम घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. सावकाराला मुद्दलापेक्षा अधिक रक्कम व्याजापोटी वसूल करता येत नाही. आपले पूर्वज याला दामदुप्पट म्हणत. १०,००० रुपयांवर व्याजाचे १०,००० रुपये पोचले की व्याजाचे दार बंद झाले. वर सांगितलेल्या शेकडा पाचच्या दराने हे २० महिन्यांतच होते. त्यानंतर जे व्याज मागितले जाते त्याला कायद्याचा आधार नाही. पण हे सिद्ध कसे करणार? पावत्या असतील तरच. म्हणून भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागून घ्या. ‘आपलाच माणूस आहे, पावती कशाला?’ असे जो म्हणतो, त्याच्याकडून दोन पावत्या घ्याव्या.

कागदाच्या बाबतीत सावध राहावयाच्या गोष्टी थोडक्या आहेत. कर्ज दिल्यावर सावकाराने ऋणकोस त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी टिपण दिले पाहिजे. त्यात रक्कम, तारीख, मुदत, व्याजाचा दर आणि तारणाचे वर्णन असले पाहिजे. डाग सोन्याचा असेल तर ‘एक माळ’ एवढ्याने भागत नाही. वजन किती, मणी किती, सोने कोणत्या कसाचे, हे आपल्यासमोर तोलून लिहून घ्यावे आणि टिपण घरी आणून शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्यावे. हातात ९,५०० रुपये ठेवून कागदावर १०,००० लिहिणे आणि पहिल्या महिन्याचे व्याज आधीच कापून घेणे ही जुनी रीत आहे. प्रत्यक्ष दिलेल्या रकमेहून निराळी रक्कम लिहिणे हा गुन्हा आहे. कोऱ्या मुद्रांकावर किंवा मोकळ्या जागा ठेवलेल्या कागदावर सही अगर अंगठा घेणे हाही गुन्हाच. कर्ज फिटले की डाग आणि सही केलेला प्रत्येक कागद परत मागावा. कागद मागे राहिला तर कर्जही मागे राहिले असे समजा.

भगिनींनो, एक गोष्ट विशेष आपल्यासाठी. डाग आपला, आणि पावतीवर नाव मात्र नवऱ्याचे किंवा दिराचे, असे नेहमी घडते. पुढे कोणी परस्पर डाग सोडवून नेला आणि विकला तर आपण कोणत्या कागदाने बोलणार? डाग ज्या बाईचा, टिपणावर नाव त्या बाईचे, असा रिवाज आपण आपल्या घरांत पाडला पाहिजे. हिंदू कोड बिलासाठी ज्या पुरुषाने मंत्रिपद सोडले, त्याच्या अनुयायांच्या घरात बाईचा डाग तिला न विचारता बाजारात जाऊ नये.

डागापेक्षा मोठे संकट जमिनीचे आहे. सावकार गहाणखत मागत नाही. तो म्हणतो, ‘विश्वासापुरते खरेदीखत करून द्या, पैसे फेडले की उलट करून देईन.’ हे ‘विश्वासाचे खरेदीखत’ म्हणजे आपल्या हाताने आपली जमीन घालविणे आहे. अशी जमीन सावकारीच्या व्यवहारातून गेली असेल, तर जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते खरेदीखत मुळात कर्जाचे तारण होते असे ठरले, तर ते अवैध ठरवून जमीन परत देण्याचा हुकूम होऊ शकतो. त्यास वर्षांची मर्यादा आहे. म्हणून ‘बघू पुढच्या साली’ असे म्हणत बसू नये. महार वतनाच्या ज्या जमिनी १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याखाली परत मिळाल्या आहेत, त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाहीत. आपला सातबारा काढून पाहा. त्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर कोणाच्याही सांगण्यावरून कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तलाठ्याकडे आणि जाणत्या वकिलाकडे चौकशी करा. वतनाने आपल्या वाडवडिलांना बांधून ठेवले. ते वतन मोडून हाती आलेली जमीन व्याजात जाऊ देणे म्हणजे मोडलेली बेडी पुन्हा पायात घालणे होय.

वसुलीसाठी दारात येऊन बसणे, वाटेत अडविणे, मागे मागे फिरणे, धमकावणे, कामाच्या ठिकाणी जाऊन अपमान करणे, यांसही कायद्याने मनाई आहे. मुंबईच्या गिरण्यांच्या दारात पगाराच्या दिवशी सावकाराची माणसे काठ्या घेऊन उभी राहत. आपल्या तालुक्यातून गिरणीत गेलेल्या जुन्या माणसांना हे सांगावे लागत नाही. १९३१ साली रॉयल लेबर कमिशनने आपल्या अहवालात ह्या प्रकाराची दखल घेतली होती. असा त्रास झाल्यास पोलिसांकडे आणि निबंधकाकडे लेखी तक्रार द्यावी आणि तक्रारीच्या प्रतीवर पोच घ्यावी.

सावकाराखेरीज इतर दारेही आहेत. त्यांचा कायदा निराळा आहे, हे ध्यानात ठेवा. बँका आणि सहकारी पतसंस्था यांना हा सावकारी परवाना लागत नाही. सोने ठेवून कर्ज देणाऱ्या ज्या कंपन्या रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या आहेत, त्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. तेथे तक्रार करावयाची तर ती आधी कंपनीकडे आणि नंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. म्हणून पाटी कितीही झगमगीत असो, आत जाताना पहिला प्रश्न हाच: ‘तुम्ही कोण? बँक, पतसंस्था, नोंदणी झालेली कंपनी, की सावकार? आणि तुमचा परवाना किंवा नोंदणी कोणाची?’ याशिवाय बायकांचे बचत गट आहेत. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, आणि त्याच्या योजना अनुसूचित जातींबरोबर नवबौद्धांसाठीही आहेत. ह्या दारांशी खेटे घालावे लागतात, दाखले गोळा करावे लागतात, हे मला ठाऊक आहे. सावकार एका तासात पैसे देतो आणि सरकारी कागद महिना घेतो. सावकाराचे खरे बळ ह्या घाईत आहे. म्हणून दाखले आणि बँकेचे खाते अडचण येण्यापूर्वी, सुगीच्या दिवसांत तयार करून ठेवावेत.

शेवटी एक कटू गोष्ट. सावकार नेहमी दुसऱ्या जातीचाच असतो, ह्या भ्रमात राहू नका. आपल्यांतील एखाद्या नोकरदाराने चार पैसे साठविले आणि वस्तीतल्या बाईची माळ ठेवून तो शेकडा चार, शेकडा पाच घेऊ लागला, तर कायद्याच्या दृष्टीने आणि धम्माच्या दृष्टीनेही तो विनापरवाना सावकारच आहे. त्याच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे म्हणून त्याच्या व्याजाचा दर पवित्र होत नाही. कायदा जात विचारत नाही, परवाना विचारतो. आपणही तेच करावे.

‘परवाना विचारला तर तो उद्या आम्हाला उभा करील काय?’ ही शंका मी अनेक चेहऱ्यांवर वाचतो आहे. शंका खोटी नाही. एकट्याने विचारले तर कदाचित तो उभा करणार नाही. म्हणून एकट्याने विचारू नये. प्रत्येक वस्तीने दोन लिहिते-वाचते माणूस, त्यांत एक बाई, ह्या कामासाठी नेमावीत. त्यांनी तालुक्याच्या सहाय्यक निबंधक कार्यालयात जाऊन आपल्या तालुक्यातील परवानाधारकांची माहिती मागावी आणि ती विहाराच्या फळ्यावर लावावी. ज्याला डाग ठेवावयाचा आहे त्याच्याबरोबर त्यांपैकी एकाने जावे. दोन माणसांसमोर तोललेल्या सोन्याचे वजन सहसा कमी भरत नाही. पन्नास घरांनी एकच प्रश्न विचारला, तर त्या बाजारातील प्रत्येक ओट्याला त्याचे उत्तर द्यावे लागेल.

पाण्यासाठी आपल्या माणसांनी महाडला जाऊन तळ्याला हात लावला. तो हात कोणाकडे पाणी मागण्यासाठी गेला नव्हता, हक्क बजावण्यासाठी गेला होता. परवाना विचारणारे बोटही तसेच आहे. या महिन्यात ज्यांचा डाग बाहेर आहे त्यांनी आज घरी गेल्यावर कागद शोधावा, तारीख पाहावी, भरलेल्या रकमांची बेरीज करावी. ज्यांच्याजवळ कागदच नाही त्यांनी उद्या सकाळी आपल्या वस्तीतील नेमलेल्या माणसाकडे जावे.

जय भीम.